अज्ञातवासातील कविता आणि संहितेचा प्रश्न : एमिली डिकिन्सन व बहिणाबाई चौधरी

एमिली डिकिन्सन (1830–1886) आणि बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांच्यात वरवर पाहता एक ठळक साम्य आहे. पहिली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अ‍ॅम्हर्स्टची, वकिलाच्या सुशिक्षित घरातली, उत्तरायुष्यात घराचा उंबरठा क्वचितच ओलांडणारी. दुसरी जळगावजवळच्या असोद्याची, शेतकरी कुटुंबातली, अक्षरओळख नसलेली. दोघींची कविता मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली आणि ती उजेडात आणण्याचे काम घरच्या माणसांकडून सुरू झाले. या साम्यातून ‘दडून राहिलेली प्रतिभा’ अशी एक कथा सहज आकाराला येते. ही कथा कवितेपेक्षा मुद्रणव्यवहाराविषयीच अधिक सांगते आणि बहिणाबाईंच्या बाबतीत तर मूळ प्रश्न झाकून टाकते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

डिकिन्सनच्या एकांताभोवती दंतकथा पुष्कळ आहेत. परंतु तिच्या कवितेचा इतिहास म्हणजे प्रामुख्याने कागदांचा इतिहास होय. तिच्या हयातीत मोजक्याच, दहाच्या आसपास, कविता छापून आल्या आणि त्याही निनावी. मृत्यूनंतर बहीण लॅव्हिनिया हिला कवितांचा साठा सापडला. त्यात कवयित्रीने स्वतः दोऱ्याने शिवलेल्या चाळीस वह्या होत्या. 1890 साली मेबल लूमिस टॉड आणि टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी पहिली निवड प्रसिद्ध केली, तेव्हा कवितांना शीर्षके दिली गेली, यमके गुळगुळीत केली गेली, विरामचिन्हे रूढ वळणाची झाली. 1955 मध्ये टॉमस जॉन्सन यांच्या आवृत्तीने हे संस्करण मोठ्या प्रमाणात मागे घेतले. 1998 मध्ये राल्फ फ्रँकलिन यांनी 1789 कवितांची पाठभेदांसह आवृत्ती सिद्ध केली. म्हणजेच संपादकांनी केलेला बदल दुसऱ्या संपादकांना निस्तरता आला, कारण कवयित्रीचे हस्ताक्षर उरले होते. तिने एकाच ओळीसाठी लिहून ठेवलेले पर्यायी शब्दही उरले होते.

बहिणाबाईंच्या बाबतीत हा आधार मुळातच नाही. असोद्याच्या महाजन घराण्यात जन्मलेल्या बहिणाबाई तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी विवाह होऊन सासरी आल्या. तिशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. घर, शेत आणि मुले यांचा भार वाहताना त्यांनी गाणी रचली. पुत्र सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी उतरवून घेतली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ही गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाईची गाणी’ प्रसिद्ध झाली.

तत्पूर्वी ही कविता ‘अज्ञात’ होती असे म्हणताना कोणाला अज्ञात, हे विचारले पाहिजे. जाते, खळे, पेरणी, पोळा, आखजीला माहेरी येणाऱ्या लेकी हे या गाण्यांचे विषय आहेत आणि ओवी हे त्यांचे मुख्य माध्यम आहे. ओवी एकांतात सिद्ध होत नाही. तिला ऐकणारा कान असतो, बहुधा जात्याचा खुंटा धरून समोर बसलेल्या दुसऱ्या बाईचा. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या, तेव्हा हा श्रोतृवर्ग किती विस्तीर्ण होता याची कल्पना आली. डिकिन्सनने वाचकांपासून स्वतःला दूर ठेवले. बहिणाबाई श्रोत्यांमध्येच होत्या. अज्ञातवास होता तो पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन जगाच्या दृष्टीने.

शिवाय मुद्रणाचे जग बहिणाबाईंना अगदीच परके नव्हते. जळगावच्या छापखान्यावर त्यांनी गाणे रचले आहे आणि कोऱ्या कागदावर ठसा उमटताच त्याला येणाऱ्या शहाणपणाकडे कौतुकाने, किंचित मिस्कीलपणेही, पाहिले आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीने मुद्रणाच्या सामर्थ्याविषयी केलेले हे चिंतन ‘निरागस ग्रामीण प्रतिभा’ या प्रतिमेत बसत नाही. ज्या यंत्रातून पुढे आपली गाणी जाणार होती, त्याकडे पाहण्याची स्वतःची दृष्टी त्यांना होती.

संहितेचा प्रश्न येथे उभा राहतो. गायिलेली ओवी आणि छापलेली कविता यांच्यामध्ये दोन लिहिणारे हात आहेत आणि त्यांपैकी एक प्रमाण मराठीत काव्यलेखन करणाऱ्या कवीचा आहे. बोलीचे लेखन कधीच केवळ नक्कल नसते. ‘ळ’ऐवजी ‘य’ लिहावा का, कोणते रूप बोलीतले ठेवावे आणि कोणते प्रमाण करावे, याचे निर्णय लिहिणाऱ्यालाच घ्यावे लागतात. पारोळ्याच्या वाचकाला हा मुद्दा चटकन जाणवेल. जळगावहून धुळ्याकडे जाताना एरंडोल ओलांडून पारोळा येते, तोवर बोली बदललेली असते. अहिराणीत ‘मना’, ‘मनी’, ‘घरना’ अशी रूपे चालतात. बहिणाबाईंच्या गाण्यांत मात्र षष्ठीचा ‘चा-ची’ टिकून आहे. तरीही त्यांच्या भाषेला सर्रास ‘अहिराणी’ म्हटले जाते. ती मुख्यतः असोदे-जळगाव परिसरातील लेवा समाजाची बोली आहे, आणि अहिराणीशी तिची देवाणघेवाण आहे. ग्रिअर्सन यांनी 1907 मध्ये ‘खानदेशी’चा समावेश भिल्ली भाषांच्या खंडात केला होता. खानदेशच्या बोलींना बाहेरून नावे देण्याची सवय इतकी जुनी आहे.

याच गाण्यांत अधूनमधून संतवाणीच्या वळणाचे एखादे जुने क्रियारूप भेटते. ते कीर्तन-भजन ऐकलेल्या कानातून आले, की उतरवून घेणाऱ्याच्या लेखणीतून? डिकिन्सनच्या बाबतीत अशा शंकेचे उत्तर हस्तलिखितात शोधता येते. येथे ते बोलीच्या, ओवीच्या आणि वारकरी श्रवणपरंपरेच्या अभ्यासातूनच, तेही संभाव्यतेच्या पातळीवर, देता येईल.

या शंकेवरून दोन टोकांना जाण्याचा धोका संभवतो. निरक्षर बाईला सरस्वती प्रसन्न झाली अशी चमत्काराची भाषा हे एक टोक. त्या भाषेत रचनेमागचे कसब, ओवीची घडण आणि वैधव्यावरच्या गाण्यातला कुंकू व दैवरेषा यांचा कठोर प्रतिमाविचार दैवी देणगीच्या नावावर जमा होतो. अशिक्षित स्त्रीकडून हे कसे शक्य, असे म्हणून श्रेय मुलाकडे वळविणे हे दुसरे टोक. दोन्ही भूमिकांचे गृहीतक एकच : साक्षरतेवाचून विचार नाही. मौखिक परंपरेचा अभ्यास हे गृहीतकच नाकारतो. रचना बहिणाबाईंची आणि लेखन सोपानदेव-पितांबरांचे, असे मानल्याने कवयित्रीचे श्रेय तसूभरही कमी होत नाही. उलट आपण वाचतो ती मूळ वाणी नसून त्या वाणीचा एक जबाबदारीने केलेला लेखी पाठ आहे, एवढे भान येते.

2018 साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. हा गौरव यथोचित आहे. पण गौरव आणि चिकित्सा या भिन्न गोष्टी आहेत. डिकिन्सनचा पहिला संग्रह आणि तिचा विश्वसनीय पाठ यांच्यात पासष्ट वर्षे गेली, आणि तीही हस्ताक्षर हाती असताना. बहिणाबाईंच्या कवितेसाठी पाठचिकित्सेची अशी पद्धत घडवावी लागेल, जिच्यात बोलींचा अभ्यासक, ओवी अजून गळ्यात असलेली वृद्ध स्त्री आणि समीक्षक एकत्र बसतील. त्या वृद्ध स्त्रिया दर वर्षी कमी होत आहेत.