खिडकी एक झाली, पण कांद्याचं काय?

1985 च्या मंदीने सिंगापूरला दणका दिला आणि तिथलं सरकार कागदांच्या मागे लागलं. माल सोडवायला ढीगभर फॉर्म, मंजुरीला दोन-चार दिवस! 1 जानेवारी 1989 ला 'ट्रेडनेट' आलं. एकच अर्ज, तोही कॉम्प्युटरवरून, काम मिनिटांत.

आपली 'स्विफ्ट' आली 1 एप्रिल 2016 ला. म्हणजे 27 वर्षांनी, आणि तीही आधी आयातीसाठी. (निर्यातवाले थांबा जरा!) अन्नसुरक्षा, औषध नियंत्रक वगैरे सहा खात्यांचे नऊ कागद एका फॉर्ममध्ये बसले. चांगलंच झालं, नाही कोण म्हणतंय?

पण मंडळी, 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क बसलं, तेही त्याच दिवसापासून. अर्ज कितीही झटपट भरा, सौदा आधीच्या भावाने ठरलेला. दोनच दिवसांत लासलगावचे लिलाव बंद पडले. डिसेंबरात तर थेट निर्यातबंदीच आली.