डुक्कर फियाटचं उलटं दार

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली 1950च्या दशकातली फियाट 1100 म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, मधल्या खांबावर. माझ्या लहानपणी मामूंकडे अशी एक जुनी गाडी होती. गुडघे धरलेल्या नानीला त्या दारातून बसणं सोपं जाई. आधी पाठ टेकायची, मग पाय आत.

एकदा दार मी लावलं, नीट लागलं नाही. वेग वाढताच वारा फटीत शिरला आणि दार सताड उघडलं. मामूंनी एका हाताने नानीचा दंड धरला, दुसऱ्याने गाडी थांबवली. नेहमीचं दार वारा दाबून धरतो, हे मात्र उपटतो! 1964 साली आलेल्या ‘डिलाइट’मध्ये बिजागऱ्या पुढे गेल्या. पुढे मामूंनी तीच घेतली. तिच्यात बसताना नानी दरवेळी कुरकुरायची.