आवाज न करता लॅमिनेट फ्लोअरिंग कसे कापाल? कोणते हत्यार कुठे वापरायचे?

फ्लॅटमध्ये लॅमिनेट फ्लोअरिंग बसवताना सर्वात जास्त त्रास होतो तो कापण्याच्या आवाजाचा. इलेक्ट्रिक करवतीचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल आहे. खालच्या मजल्यावर तान्हे बाळ किंवा आजारी माणूस असेल, तर हाताने चालणारी हत्यारे हा चांगला पर्याय आहे.

लॅमिनेट कापायला कठीण का?

लॅमिनेटची फळी साधारण 7 ते 12 मिमी जाड असते. आत दाबून केलेला लाकडी भुसा आणि वर ॲल्युमिनियम ऑक्साइड असलेला कडक थर असतो. हा थर करवतीचे दात लवकर बोथट करतो आणि कडेचे टवके उडतात.

कोणते हत्यार कशासाठी?

1. लॅमिनेट कटर: लांब दांडा दाबला की पाते खाली येऊन फळी तुटते. वीज लागत नाही, धूळ जवळपास होत नाही, फक्त 'कट्' असा आवाज येतो. आडव्या कापासाठी हे सर्वात सोयीचे. मात्र बहुतेक कटरने फळी लांबीत चिरता येत नाही. एकाच खोलीचे काम असेल तर भाड्याने मिळते का ते पाहा.

2. बारीक दातांची हातकरवत: शेवटच्या ओळीतली फळी लांबीत चिरायला हीच लागते. वेळ लागतो, घाई करू नका.

3. कॉपिंग सॉ: पाइप किंवा कोपऱ्याभोवतीच्या गोलाकार कापासाठी.

टवके कसे टाळाल?

करवतीचे दात ज्या बाजूने फळीत शिरतात ती बाजू स्वच्छ राहते, बाहेर पडतात तिथे टवके उडतात. म्हणून पुढे ढकलताना कापणाऱ्या नेहमीच्या करवतीसाठी फळीची चांगली बाजू वर ठेवा. ओढताना कापणाऱ्या जपानी करवतीसाठी फळी पालथी ठेवा. रेषेवर मास्किंग टेप लावा, गुण्याने रेघ मारा आणि फळीखाली रबरी मॅट किंवा जुनी चादर घाला. त्यामुळे फळीचा थरथराट कमी होतो आणि आवाजही घटतो.

हे विसरू नका

भिंतीलगत साधारण 8 ते 10 मिमी जागा सोडावी लागते. दमट हवेत फळ्या फुगतात, जागा नसेल तर फ्लोअरिंग वर उचलले जाते. ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, त्यामुळे भिंतीकडचा काप थोडा ओबडधोबड असला तरी चालतो. जोडाची खाच असलेली कड मात्र चुकून कापू नका, नाहीतर ती फळी वाया जाते.

करवत वापरताना मास्क आणि चष्मा घाला. फळ्या जोडताना लोखंडी हातोड्याऐवजी रबरी हातोडा आणि लाकडी ठोकळा वापरा. आवाज फक्त कापण्याचा नसतो, ठोकण्याचाही असतो.