चेरीच्या बियांचा वास

आड्रियाटिक समुद्राच्या पूर्व काठावर, आजच्या क्रोएशियातल्या झादर शहराच्या आसपास, मरास्का नावाची चेरी होते. लहान, काळपट लाल आणि चांगलीच आंबट. तिची फळं, पानं आणि बिया आंबवून, ऊर्ध्वपातन करून मराशिनो हे मद्य काढतात. त्याला कडू बदामासारखा वास येतो तो मुख्यतः बियांमुळे. जिरोलामो लुक्सार्दो यांनी १८२१ मध्ये झादरला आपली भट्टी सुरू केली. याच मद्यात चेऱ्या मुरवल्या की त्या टिकतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या बरण्या अमेरिकेतल्या बड्या हॉटेलांत पोहोचल्या आणि मॅनहॅटनसारख्या कॉकटेलांत पडू लागल्या.

माल महाग होता, त्यामुळे अमेरिकी उत्पादक हाताशी असलेल्या चेऱ्या वापरून तसंच काही करू लागले. १९१२ मध्ये सरकारने ठरवलं की मराशिनो मद्यात मुरवलेल्या मरास्कालाच ‘मराशिनो चेरी’ म्हणायचं. बाकीच्यांनी ‘नक्कल’ असं छापायचं. दारूबंदी आली म्हणून चेरीतली दारू गेली, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही, कारण बिनदारूच्या चेऱ्या १९२० च्या आधीच बाजारात होत्या.

खरी अडचण वेगळीच होती. ओरेगॉनच्या शेतकऱ्यांची फिकट पिवळी ‘रॉयल ॲन’ चेरी खारवणीत घातली की लिबलिबीत व्हायची. तिथल्या कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक अर्नेस्ट विगँड यांनी १९२५ पासून काही वर्षं यावर काम केलं. त्यांचा उपाय म्हणजे खारवणीत कॅल्शियमचा क्षार. कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला धरून ठेवतं आणि गर घट्ट होतो. पेठ्यासाठी कोहळ्याचे तुकडे चुन्याच्या निवळीत ठेवतात, त्यामागचं कारण हेच. विगँड यांच्या चेरीला ‘नकली’ म्हणून हिणवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी शेतकऱ्यांचं नासणारं पीक वाचवलं.

आजही कृती साधारण तीच. सल्फर डायऑक्साइड आणि कॅल्शियमच्या पाण्यात चेरी काही आठवडे ठेवतात. तिचा रंग पुरता उडतो. मग बी काढून, धुऊन, उकळून ती साखरेच्या पाकात घालतात आणि पाक हळूहळू दाट करत नेतात. एकदम दाट पाकात टाकली तर फळातलं पाणी झपाट्याने बाहेर पडून ते सुरकुततं. शेवटी लाल रंग आणि बदामाचा अर्क. मद्य गेलं, मरास्का गेली, बी फेकली, तरी बियांचा तो वास अर्काच्या रूपाने उरलाच.

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत झादरचा कारखाना उद्ध्वस्त झाला, घराण्यातली माणसंही मारली गेली. जॉर्जो लुक्सार्दो यांनी १९४७ मध्ये इटलीत पादुआजवळच्या तोरेल्याला नव्याने सुरुवात केली. त्यांची गडद, दाट पाकातली चेरी आता जगभरच्या बारमध्ये परतली आहे.

आपल्याकडे केकवर किंवा मसाला पानावर काडीने टोचलेली लाल ‘चेरी’ बहुतेक वेळा करवंदाच्या जातीची असते. मोठं, कच्चं करवंद बिया काढून, रंगवून पाकात मुरवलेलं. आंबट आणि घट्ट असल्याने या कामाला ते उत्तम. ओळखायचं असेल तर फळ चिरून पाहा: चेरीत एकाच गोल बीची पोकळी दिसते, करवंदात बारीक चपट्या बियांची जागा.