भागधारक करार

भागांचे हस्तांतरण, संचालकांची नेमणूक आणि मतभेदप्रसंगी निवाड्याची रीत यांविषयी कंपनीच्या मालकांनी आपसांत केलेला लेखी करार. हा दस्तऐवज कितीही दक्षतेने रचला, तरी त्यातील हस्तांतरणाचे निर्बंध नियमावलीत उतरल्यावाचून खाजगी कंपनीवर बंधनकारक होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन (१९९२) या खटल्यात ठरविले. म्हणून करार नवा आणि नियमावली जुनी ठेवणे ही तंट्याला वाट करून देणारी गफलत होय.

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः हळदीसाठी ख्यात असलेल्या वसमत परिसरात, शेतकरी उत्पादक कंपन्यांमुळे कंपनीची मालकी कास्तकारांच्या घरी पोचली. अशा कंपन्यांच्या बाबतीत पुष्कळसा करार कायद्यानेच लिहून ठेवला आहे : केवळ व्यक्तीच सभासद असतील, तर भाग कितीही असोत, प्रत्येकास मत एकच; हस्तांतरण संचालक मंडळाच्या पूर्वमान्यतेने, दर्शनी मूल्याने आणि सक्रिय सभासदाकडेच; सभासदत्वापासून तीन महिन्यांत नामनिर्देशन; तंटा उद्भवल्यास समेट किंवा लवाद. परंतु आणलेल्या मालाचे प्रारंभिक मोल ठरविणे मंडळाच्याच हाती राहते, आणि बेबनावाचे बीज बहुधा तेथेच पडते; यास्तव प्रतवारीची कसोटी, मालाच्या किमतीपैकी रोखून ठेवलेल्या रकमेच्या वाटपाची मुदत आणि लवादाच्या नेमणुकीची पद्धत हंगामापूर्वीच सभेपुढे मांडून लेखी मंजूर करून घ्यावी.