टर्बोचा श्वास आणि सुरईचा नियम

रिकाम्या सुरईच्या तोंडावर फुंकर मारली असतां ती घुमते, ही गोष्ट लहान मुलासही ठाऊक असते. परंतु सुरईस घुमविणारा हाच नियम योजून आजच्या मोटारगाड्यांचा कर्कश आवाज शमविला जातो, हें ऐकून श्रोत्यांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल.

या नियमाचा शास्त्रशुद्ध विचार जर्मनींतील हायडेलबर्ग येथील शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनीं केला. स्वरसंवेदनेवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १८६३ सालीं निघाला. लहान तोंडाचे पोकळ गोल कानास लावून मिश्र ध्वनींतील एकेक स्वर ते वेगळा ओळखीत. असा गोल कोणत्या स्वरास साद देतो, हें त्याच्या तोंडाच्या रुंदीवर, मानेच्या लांबीवर व पोटांतील पोकळीवर अवलंबून असतें. पोकळी चौपट केली कीं स्वर बरोबर एक सप्तक खालीं उतरतो. कानाचें कार्य समजून घेणें हा त्यांचा हेतु होता. मोटारीचा गोंगाट त्यांच्या ध्यानींमनींही नव्हता.

पुढें १९०५ सालीं आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरानें एका नव्या रचनेचें पेटंट घेतलें. एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंची शक्ति फुकट न दवडतां तिनें एक चक्र फिरवावें, व त्यास जोडलेल्या दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून एंजिनास पुरवावी, ही ती कल्पना. यासच आज टर्बोचार्जर म्हणतात. प्रवासी मोटारींत तो १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबील जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या गाड्यांबरोबर आला. आणि १९७७ सालीं स्वीडनच्या साब कंपनीनें ९९ टर्बो ही गाडी पुढें आणल्यावर रोजच्या वापराच्या गाड्यांत त्याचा प्रसार होऊं लागला.

बळाबरोबर आवाजही आला. हें चक्र मिनिटास १,२०,००० फेरे घेत असेल, तर सेकंदास २,००० फेरे झाले. तोलांत केसभर जरी फरक असला तरी तितक्याच कंपनांची तीक्ष्ण शिटी निघते. पात्यांचा स्वर त्याहूनही वरचा. शिवाय चालकानें पाय उचलतांच हवेची वाट बंद होते, आणि दाबलेली हवा उलटून चक्रावर फडफडत आदळते.

यावर नळी अरुंद करणें हा उपाय नव्हे; त्यानें एंजिनाचा श्वासच कोंडतो. येथें हेल्महोल्ट्झ यांचा गोल उपयोगी पडला. हवेच्या नळीस बाजूनें मापाची पोकळी जोडली म्हणजे हवा सरळ पुढें जाते, आणि नको असलेला स्वर मात्र त्या पोकळींतील हवेस हलवितो. तेथून परतणारी लाट मूळ लाटेविरुद्ध पडून तिला शमविते. एका टोकास बंद अशी आडनळीही हेंच काम करते; तिची लांबी स्वराच्या लाटेच्या चतुर्थांशाइतकी लागते. सेकंदास १,००० कंपनांच्या स्वरासाठीं साध्या हवेंत ती सुमारें ८.५ सेंटिमीटर भरते. पण चक्रापुढील दाबलेली हवा १०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापली, तर ध्वनीचा वेग वाढून तीच लांबी सुमारें ९.७ सेंटिमीटर ठेवावी लागते. चक्राचा वेगही सतत बदलत असतो. म्हणून छिद्रें पाडलेल्या नळीभोंवतीं निरनिराळ्या मापांच्या पोकळ्या बसवितात. फडफड थांबविण्यासाठीं एका झडपेनें जादा हवा पुन्हां चक्राच्या तोंडाशीं सोडतात.

इतक्या परिश्रमानें मिळविलेली ही शांतता कांहीं हौशी मालक पैसे खर्चून घालवितात. बंद डब्याऐवजीं उघडी गाळणी लावतात, पोकळ्या काढून सरळ नळी घालतात, व झडपेची हवा बाहेर सोडून तिचा सुस्कारा ऐकतात. बळांत पडणारी भर बहुधा थोडी. रस्त्याकांठच्या घरांत निजलेल्या रुग्णास होणारी पीडा मात्र निश्चित. ज्यांस गाडी पुन्हां शांत करावयाची असेल त्यांनीं प्रथम मूळचा डबा व पोकळ्या परत बसवाव्या, जोडांतील गळती बंद करावी आणि झडपेची हवा आंत वळवावी. नव्या पोकळीचा विचार त्यानंतर. कानाचें कार्य शोधतांना हातीं आलेला नियम लोकांच्या कानांस विसावा देण्याच्या कामीं यावा, यांतच त्याचें सार्थक आहे.