कळीच्या चुन्यातली आग

मुरगूडच्या वेदगंगाकाठी दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात. काहिलीतला रस तापू लागला की गुळव्या त्यात चुन्याचं पाणी सोडतो. उसाचा ताजा रस किंचित आंबट असतो. तो तसाच आटवला तर साखर फुटते, गुळाला कणी धरत नाही. भेंडीचा चिकट रस मळी वर आणतो, चुना आंबटपणा मारतो. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. चुन्याची कुळी मात्र त्याहून कितीतरी जुनी, आणि ती आगीपाशी सुरू होते.

भट्टीतून निघालेल्या कळीच्या चुन्यावर गार पाणी ओतलं की तो फसफसतो, वाफा सोडतो. एक किलो शुद्ध चुना विरताना सुमारे ११६० किलोज्यूल उष्णता देतो. तेवढ्यात साडेतीन लिटर पाणी उकळीला यावं. विस्तव कुठेच नाही, मग ही धग येते कुठून?

संत ऑगस्टीनला पाचव्या शतकात याच गोष्टीचं नवल वाटलं होतं. भट्टीतली आग चुन्यात लपून बसते, हे उत्तर तेव्हापासून चालत आलं. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५६ मध्ये तराजू लावून त्याला धक्का दिला: भाजताना चुनखडीत काही शिरत नाही, उलट तिच्यातला वायू निघून जातो, आणि म्हणूनच चुना दाहक होतो. हा वायू म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड. जर्मन औषधविक्रेता मेयर १७६४ मध्ये जुन्या उत्तराच्या बाजूने उभा राहिला. त्याच्या मते आगीतून एक विशेष आम्ल चुन्यात उतरतं. निकाल ब्लॅकच्या बाजूने लागला.

तरीही जुन्या लोकांना सपशेल हरलेलं मानणं अन्यायाचं आहे. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी भाजून चुना व्हायला १७८ किलोज्यूल उष्णता लागते. त्यातून मिळालेला ५६ ग्रॅम चुना पाण्यात विरताना ६५ परत देतो. मग तोच चुना भिंतीवर बसून हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत पुन्हा चुनखडी होतो, तेव्हा उरलेले ११३ सुटतात. पण इतके सावकाश, की हाताला काही कळत नाही. ६५ आणि ११३ मिळून १७८. वाट कोणतीही असो, उष्णतेचा हिशेब तोच, हा नियम हेसने १८४० मध्ये मांडला. आग चुन्यात शिरत नाही. पण तिने केलेलं काम चुन्यात शिल्लक असतं.

आता गुळव्याच्या हाती हा चुना दिला कोणी? पानाच्या चंचीतून तो काहिलीत गेला, हे सोपं उत्तर. तर्क मात्र वैद्याकडे झुकतो. सुश्रुतसंहितेतल्या क्षारपाकात भाजलेली चुनखडी घालून सौम्य क्षार तीक्ष्ण केला जातो आणि तो तोंड बंद केलेल्या लोखंडी भांड्यात ठेवायला सांगितला आहे. हवा लागली की क्षार पुन्हा सौम्य पडतो; ब्लॅकचा वायू इथेही हजर आहे. क्षाराने अंग पोळलं तर त्यावर आंबट पदार्थ लावावा, दोघे मिळून तीक्ष्णपणा जातो, असंही तिथे आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये आपल्या हिंदू रसायनाच्या इतिहासात या भागाकडे जगाचं लक्ष वेधलं. गुऱ्हाळात हीच जोडी उलट बाजूने लागते: आंबट रस आधी, चुना नंतर. पानात असा आंबटपणा मारायचा हेतूच नसतो, म्हणून चंचीचा दावा लंगडा पडतो.

ब्लॅकचं आणखी एक काम याच काहिलीत सापडतं. १७६१ च्या सुमारास त्याने सुप्त उष्णता ओळखली: उकळतं पाणी वाफ होताना तापमान न वाढवता प्रचंड उष्णता गिळतं. एक किलो पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३१४ किलोज्यूल पुरतात. त्याचीच वाफ करायला २२५७ लागतात, म्हणजे सातपट. उसाच्या रसात पाण्याचाच भाग मोठा, म्हणून चुलवाणात चिपाडं सतत सारावी लागतात. पाणी बरंचसं गेलं की रसाचं तापमान शंभराच्या वर सरकतं आणि ११८ अंशांच्या आसपास गुळव्या काहील उतरवायला सांगतो.